मीराच्या एका रविवारचा नकाशा

मित्रांनो, माझ्या घड्या आता जागोजाग फाटल्या आहेत, तेव्हा मला जरा सावकाश उलगडा. मी मुंबई शहराचा नकाशा आहे. पर्यटकांसाठी छापलेला, आठ घड्यांचा, खिशात मावणारा. माझ्या अंगावर जांभळ्या पेन्सिलीने एक ते नऊ आकडे काढलेले आहेत आणि प्रत्येक आकड्याशेजारी बरोबरची खूण आहे. म्हणजे नऊच्या नऊ ठिकाणं पाहून झाली. तरीही त्या दिवसासारखा फसलेला दिवस मी दुसरा पाहिला नाही.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. खाली लेथ मशीनचा खडखडाट आणि वर माळ्यावर छापखाना. मी चार वेळा मशीनखालून गेलो, दर वेळी अंगावर एक रंग चढला. निळा रंग चढताना कागद थोडा सरकला, म्हणून माझ्यातला समुद्र वरळीला रस्त्यावर आलेला दिसतो. छापणाऱ्याने एकदा पाहिलं आणि "चालतंय, कोण बघतंय!" म्हणून मला गठ्ठ्यात टाकलं. पुढे अंधेरी स्टेशनबाहेर एका पुस्तकवाल्याच्या दोरीवर मी कपडे वाळवायच्या चिमट्यात वर्षभर लटकत राहिलो. उन्हाने माझी एक बाजू फिकी पडली. लोक थांबायचे, गेटवेचं चित्र पाहायचे आणि पुढे जायचे.

मला विकत घेतलं ते कुंडलिकने. साल होतं १९८५, गणपती नुकतेच गेले होते. कुंडलिक मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होता. मूळचा जालन्याकडचा. बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलेलं. मला हातात घेण्याआधी त्याने हात पँटला दोनदा पुसले, हे मला फार आवडलं होतं. इतक्या आदराने मला त्याआधी कुणी धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला कारखान्यात नेलं. लोखंडी टेबलावर मला पसरलं तेव्हा सगळे भोवती जमले.

"झकास आहे रे!" त्याचा जोडीदार शिवदास म्हणाला. "काय, मुंबई सोडून चाललास की काय?"

"पोरगी येतेय दिवाळीच्या सुट्टीत," कुंडलिक म्हणाला. "दोन दिवस. तिला मुंबई दाखवायचीय."

हे सांगताना त्याचा आवाज बदलला. मला तेव्हा त्याचं कारण माहीत नव्हतं. ते मला हळूहळू कळत गेलं.

कुंडलिकची मुलगी मीरा. तिचा जन्म मरोळचाच. पण ती चार वर्षांची असताना तिची आई, राधा, कावीळ होऊन गेली. कुंडलिकला कामावर जायचं, पोरीला बघायला घरात कुणी नाही. म्हणून त्याची थोरली बहीण शेवंती आली आणि मीराला गावी घेऊन गेली. एसटीच्या खिडकीतून पोर ओरडत होती, हे कुंडलिक कधी विसरला नाही. त्यानंतर तो वर्षातून एकदा गावी जायचा. खाऊ न्यायचा, फ्रॉक न्यायचा, दोन दिवसांनी परत यायचा. मीराला आता बारावं लागलं होतं, ती सातवीत होती. गावच्या शाळेत सातवीच्या पुढे वर्ग नव्हता.

तिथले राजाराम मास्तर एकदा कामासाठी मुंबईत आले तेव्हा मुद्दाम कुंडलिकच्या खोलीवर येऊन गेले होते. ते म्हणाले होते, "कुंडलिक, पोरगी हुशार आहे. तिला इकडं आण. तिकडं राहिली तर पुढच्या वर्षी दप्तर खुंटीला लागेल."

कुंडलिक म्हणाला होता, "मास्तर, एकदा तिला न विचारता पाठवली. आता न विचारता ठेवून घेणार नाही. तिनं मुंबई बघावी, तिला आवडावी, आणि तिनं स्वतः म्हणावं, बाबा, मी इथं राहते."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी तिला बरोबर आणायचं ठरलं. शनिवारी यायचं, सोमवारी सकाळी परत. मधला एकच रविवार. त्या एका रविवारसाठी मला विकत घेतलं होतं.

पुढचे दीड महिने कुंडलिक रोज संध्याकाळी कामावरून येऊन मला जमिनीवर पसरायचा. चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवायचा आणि जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करून आखत बसायचा. पहिला आकडा चैत्यभूमी. दुसरा राणीबाग. मग म्युझियम, गेटवे, राजाबाई टॉवर, मरीन ड्राइव्ह, मत्स्यालय, बागेतला म्हातारीचा बूट आणि शेवटी चौपाटी. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. दहा मिनिटं, पाऊण तास, वीस मिनिटं. बस कुठे पकडायची, कुठे उतरायचं, डबा कुठे उघडायचा, सगळं. मी दिवसेंदिवस भरत गेलो आणि मनातून फुगत गेलो. इतक्या प्रेमाने कुणीतरी माझ्यावर काम करत होतं.

शेजारच्या खोलीत शांताबाई राहायच्या. साठीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ. आधी जुन्या वस्तीतही त्या शेजारीच होत्या, आणि राधाच्या आजारपणात त्यांनीच तिचं केलं होतं. एकदा त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय रे, किती ठिकाणं झाली?"

"नऊ."

"एका दिवसात नऊ? ती पोर आहे का पार्सल आहे? इकडून उचललं, तिकडं टाकलं!"

"एकच दिवस आहे ना शांताबाई."

"म्हणूनच म्हणते. तिला विचारलंस का, तुला काय बघायचंय म्हणून?"

"तिला काय माहीत मुंबईत काय काय आहे?" कुंडलिक म्हणाला आणि पुन्हा माझ्यावर वाकला.

मित्रांनो, तेव्हा मलाही त्याचंच खरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी मीरा आली. सडपातळ, दोन घट्ट वेण्या, हातात कापडी पिशवी. मास्तर तिला सोडून आपल्या नातेवाइकांकडे गेले. कुंडलिकने तिला पाणी दिलं, पोहे दिले आणि लगेच मला उलगडलं. ती माझ्यावर ओणवी झाली. तिचे केस मला लागत होते.

"बाबा, ह्याच्यात आपलं घर कुठंय?"

"आपलं नाही ह्याच्यात. हा शहराचा आहे. मरोळ वर राहिलं, ह्या बाणाच्या पलीकडं."

"मग आधीचं घर?"

"तेही तिकडंच."

तिने त्या बाणावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, मला ते बघायचंय. आईचं घर. दारात शेवग्याचं झाड होतं ना? आई मला तिथं बसवून वेणी घालायची. मला तेवढंच आठवतंय. झाड हाय का अजून?"

राधा गेल्यावर कुंडलिकने ते घर सोडलं होतं. ती जुनी वस्ती नाल्याच्या कडेला होती, खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर.

"जाऊया ना आत्ता?" मीरा म्हणाली.

"तिथं काय आहे बघायला? चिखल नुसता. उद्या बघ तुला काय काय दाखवतो. झोप लवकर, पहाटे निघायचंय."

त्याने माझी घडी घातली. घालताना त्याच्या बोटांकडून घडी दोनदा चुकली. मी त्या बोटांत होतो, म्हणून मला कळलं. मीराला कळलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत ते निघाले. शांताबाईंनी पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. चैत्यभूमीला पोहोचले तेव्हा कोवळं ऊन होतं. मीराने हात जोडले, डोळे मिटले. मग मागच्या बाजूला आली आणि जागीच थांबली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. म्हणजे चार वर्षांची होईपर्यंत ती मुंबईत होती, पण समुद्रापर्यंत तिला कुणी आणलंच नव्हतं.

"बाबा, हे समदं पाणीच?"

"पाणीच."

चपला हातात घेऊन ती वाळूत गेली. लाट पायाखालून वाळू ओढून नेत होती, तशी ती खुदकन हसत होती. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग ओल्या वाळूतच बसली.

"बाबा, बसा ना इथं जरा."

कुंडलिकने मला उघडलं. माझ्यावर लिहिलं होतं, दहा मिनिटं. दहाची वीस झाली होती.

"चल मीरा, अजून आठ ठिकाणं आहेत."

"थोडंच बसू."

"संध्याकाळी चौपाटी आहेच की. हाच समुद्र. चल, ऊठ."

ती उठली. पाय पुसायलाही थांबली नाही.

पुढची बस दुमजली मिळाली. मीरा धावत वर चढली आणि अगदी पुढची जागा पकडली. झाडांच्या फांद्या काचेला घासत होत्या. ती दोन्ही हात काचेला लावून बसली होती आणि पुन्हा हसत होती. तेव्हा कुंडलिकने तिच्याकडे पाहायला हवं होतं. पण वाऱ्याने मी फडफडत होतो, आणि तो मला गुडघ्यावर दाबून थांबे मोजत होता.

"बाबा, ही बस शेवटपर्यंत जाईल तिथपर्यंत जाऊ या ना."

"नाही गं. पुढच्या स्टॉपला उतरायचंय."

राणीबागेत पाणघोडा पाण्यात बुडून बसला होता. तो वर येईल म्हणून मीरा कठड्याला धरून थांबली. तो आला नाही आणि वेळ संपली. म्युझियममध्ये ती एका लहान मुलीच्या दगडी मूर्तीपाशी रेंगाळली. गेटवेला उन्हात उभं राहून दोघांनी डबा खाल्ला. राजाबाई टॉवर चालता चालता झाला. मरीन ड्राइव्हला तिच्या टाचेला चप्पल लागली होती, पण ती बोलली नाही. ती लंगडते आहे हे मला वरून दिसत होतं, कारण मी कुंडलिकच्या हातात होतो. पण कुंडलिक माझ्याकडे पाहत होता.

मत्स्यालयापाशी लांब रांग होती. रविवार आणि दिवाळीची सुट्टी, त्यामुळे अर्धी मुंबई तिथे. ऊन मानेवर येत होतं. रांगेत उभी असताना मीराने विचारलं,

"बाबा, आईनं ह्यातलं काय काय बघितलं होतं?"

मित्रांनो, त्या क्षणी माझी एक कड चुरगळली. ती अजून तशीच आहे.

राधाने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. सहा वर्षं ती मुंबईत राहिली, मरोळच्या वस्तीत, नाल्याच्या कडेला. नळावरचं पाणी आणि घर, एवढ्यातच तिचे दिवस गेले. पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं कुंडलिक म्हणत राहिला. राधाने समुद्रही पाहिला नाही.

"बाबा?"

"रांग सोडू नको. मी पाणी घेऊन येतो," असं म्हणून तो निघाला.

तो कोपऱ्यावर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाणी घ्यायला तो विसरला. परत आला तेव्हा मीरा रांगेत चार पावलं पुढे सरकली होती.

त्यांनी मासे पाहिले. बाहेर आल्यावर मीरा बसस्टॉपच्या बाकावर बसली ती बसलीच.

"मला नाही बघायचं अजून."

"दोनच राहिलेत गं. आठवा नंबर म्हातारीचा बूट. तुला आवडेल बघ. आत शिरता येतं, वर खिडकी आहे."

"नाही आवडणार. बाबा, आता घरी जाऊ. आपण गेलो तर उजेड असेपर्यंत पोचू. मला ते झाड दाखवा."

"पुन्हा तेच? काय ठेवलंय तिथं?" कुंडलिकचा आवाज चढला. "दीड महिना बसून आखलंय मी हे तुझ्यासाठी!"

"मी कुठं म्हणलं होतं आखा? मी एकच जागा म्हणलं होतं."

बसच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. मीराचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. टाच धरून बसली. तिथलं कातडं निघालं होतं. कुंडलिकने ते आत्ता पाहिलं. त्याने रुमाल फाडून पट्टी बांधली. तेवढा वेळ मी बाकावर बाजूला पडून होतो, आणि मला आशा वाटली की तो मला तिथेच विसरून जाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मित्रांनो.

पट्टी बांधून झाल्यावर त्याने मला उचललं.

"चल, हळूहळू चल. दोनच राहिलेत."

त्याने नऊही ठिकाणं पूर्ण केली. चौपाटीवर अंधार पडला होता, समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. मीरा पाण्याकडे गेली नाही. कुंडलिकने नवव्या आकड्यापुढे खूण केली. परतीच्या बसमध्ये ती झोपली, पण डोकं तिने बापाच्या खांद्यावर नाही, खिडकीच्या गजावर टेकलं.

सोमवारी सकाळी कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर राजाराम मास्तर वाट पाहत होते. मी कुंडलिकच्या खिशात होतो. 

"काय मीरा, मुंबई कशी वाटली?" मास्तरांनी विचारलं.

"लई भारी हाय."

"मग जूनपासून इथल्या शाळेत यायचं ना?"

मीराने पायाच्या पट्टीकडे पाहिलं. "नाही सर. मी आत्याकडंच राहते."

"का गं?"

"बाबांना लई घाई असते," ती म्हणाली. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "आणि बाबा आईला विसरलेत."

कुंडलिक तिच्याकडे एक पाऊल सरकला. 'विसरलो नाही' एवढं म्हणायचं होतं. तेवढंही त्याला जमलं नाही. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. या वेळी खिडकीतून कुणी ओरडलं नाही.

तो कामावर गेला नाही. खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिला. शांताबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"वाट लावलीस ना!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पंधरा मिनिटांचा रस्ता रे! तेवढं दाखवलं असतंस तर काय झालं असतं?"

"माझे पाय वळत नाहीत तिकडं शांताबाई. तुम्ही तर होता तिथं. राधाला आठ दिवस ताप होता. डोळे पिवळे झाले होते. नवीन नोकरी, खाडा केला तर काढून टाकतील म्हणून मी रोज म्हणायचो, उतरेल आपोआप. नवव्या दिवशी दवाखान्यात नेली. पोरीनं तिथं उभं राहून विचारलं असतं, आई कशी गेली, तर मी काय सांगणार होतो?"

शांताबाई त्याच्याशेजारी उंबऱ्यात बसल्या. मग म्हणाल्या, "हेच सांगायचं होतंस. पोरीनं बापाला जवळ घेतलं असतं."

त्या संध्याकाळी कुंडलिक सात वर्षांनी पहिल्यांदा जुन्या वस्तीत गेला. शेवग्याचं झाड होतं. दुसऱ्याच कुणाच्या दारात, पण होतं. त्याला शेंगा लागल्या होत्या. परत येऊन तो पत्र लिहायला बसला. माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहायचा, म्हणून मला प्रत्येक अक्षर ठाऊक आहे. 'चि. मीरास' एवढं लिहून तो थांबायचा आणि कागद फाडायचा. राधाबद्दल लिहायचं म्हणजे ते आठ दिवसही लिहावे लागणार. असं करत नाताळ गेला, होळी गेली. मे महिन्यात पत्र एकदाचं पूर्ण झालं. त्याने सगळं लिहिलं. ताप, नोकरी, नववा दिवस. शेवटी लिहिलं, 'झाड अजून आहे. तू ये. फक्त तेच बघू.'

उत्तर जुलैत आलं. त्याने ते शांताबाईंना वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

'बाबा, तुमचं पत्र मी खूपदा वाचलं. मला तुमचा राग नाही. पण आत्याच्या अंगावरून वारं गेलं आहे. तिचा उजवा हात आणि पाय चालत नाही. तिला जेवू घालायला मीच आहे. शाळा सुटली. हे पत्र गेल्या दिवाळीआधी आलं असतं, किंवा तुम्ही तेव्हा हेच बोलला असता, तर मी तेव्हाच राहिले असते. आता आत्याला टाकून कशी येऊ? तिनं मला वाढवलं.'

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. कुंडलिकने पत्राची घडी केली आणि माझ्या घडीत ठेवली.

त्याने प्रयत्न सोडला नाही. त्या पावसाळ्यात तो गावी गेला, दोघींना मुंबईला आणतो म्हणाला. शेवंतीने बिछान्यातूनच मान हलवली. तिला तिच्या घरातच मरायचं होतं. मीराने बापाला भाकरी करून वाढली. तिचे हात आता राधासारखे दिसतात, असं तो परत आल्यावर शांताबाईंना म्हणाला. पुढच्या वर्षी वस्ती उठली. झाड तोडलं गेलं आणि तिथे एका गोदामाची भिंत उभी राहिली. हे मात्र त्याने मीराला कळवलं नाही.

आता १९८९ साल आहे. मी ट्रंकेच्या तळाशी असतो. झुरळांनी माझा माहीम खाल्ला आहे. मीराला सोळावं लागलं आहे, ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते, आणि शेवंती अजून अंथरुणाला आहे. मध्यंतरी शिवदास आला होता. त्याच्या घरी पाहुणे येणार होते.

"तुझा तो नकाशा दे ना यार. पोरांना फिरवायचंय."

कुंडलिकने ट्रंक उघडली. मला बाहेर काढलं. ओल्या बोटाने पहिला आकडा पुसायला लागला, पण ती पेन्सिल पुसली जात नाही, नुसती पसरते. चैत्यभूमीच्या समुद्रावर मोठा जांभळा डाग पडला. त्याने मला परत आत ठेवलं.

"नाही सापडत," तो म्हणाला. "शिवदास, पोरं किती मोठी आहेत?"

"दहा-बारा."

"त्यांना काय बघायचंय?"

"त्यांना काय कळतंय? मीच ठरवणार."

कुंडलिक ट्रंकेजवळ तसाच बसून राहिला. त्याला बरंच काही सांगायचं होतं. सांगितलं नाही. शिवदास निघून गेला.

म्हणून मी सांगतो, मित्रांनो. मी कागद आहे, मला जपा किंवा रद्दीत घाला, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या घरी एखादं पोर दोन दिवसांसाठी आलं, तर मला उघडण्याआधी त्याच्याशी बोला. त्याने एकच जागा सांगितली, तर तीच दाखवा. ती जागा तुम्हाला नकोशी असली, तिथे उभं राहून रडू येणार असलं, तरी त्याचा हात धरून जा आणि त्याच्यासमोर रडा. बाकीची मुंबई कुठे जात नाही. पोर मात्र सोमवारच्या गाडीने जातं.